जानेवारीतले डास

बाहेर उणे एकतीस. विनिपेगच्या उत्तर टोकाला
श्वास मिशीवरच गोठतो अशी सकाळ.
ओरिस्याबाईंनी दार उघडलं, तेही अर्धंच,
आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत विचारलं,
"गाडीवर नाव नाही ना?"
नाही, म्हटलं. पाटी काढून सीटखाली ठेवलीय.

गादी उभी केली. टॉर्च आडवा धरला,
म्हणजे लहानातली लहान गोष्टही सावली टाकते.
जुन्या बँक कार्डाची कड
शिवणीतून हळूहळू ओढत नेली.
कोपऱ्यात शाईचे ठिपके,
कुणी लिहायला बसावं
आणि पेन टेकवूनच उठून जावं तसे.
ओल्या बोळ्याने पुसले, विटकरी फराटा उमटला.
मग काती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
अंडी, बाईंच्या केकमधल्या खसखशीएवढी, पण पांढरी.
आणि एकजण जिवंत, जवसाच्या दाण्यासारखा चपटा,
उजेडाला वैतागून पळणारा.

"साठ वर्षं," त्या म्हणाल्या,
"साठ वर्षं दर शनिवारी फरशी पुसते मी. गुडघ्यांवर बसून."

बाई, त्यांना घाण लागत नाही,
झोपलेल्या माणसाचा श्वास लागतो.

पलंगाचे स्क्रू. विजेच्या बोर्डाची फट.
मेरीच्या तसबिरीमागे, नक्षीच्या रुमालाच्या घडीत
दोन.
मग खिडकीजवळची हिरवी खुर्ची.
तिचं बूड उलटं केलं, कापड सोडवलं,
आत अख्खं गाव वसलेलं.

बाई खाली बसल्या. पलंगावर नाही, जमिनीवर.
"स्टेफ्काची आहे. ती गेल्यावर
तिच्या मुलांनी सगळं बर्फात काढून ठेवलं होतं.
मी एवढीच आणली, ओढत ओढत.
फेकू का?"

फेकू नका. जिन्यावरून नेताना सांडत जातील,
आणि रस्त्यावर ठेवली तर कुणीतरी उचलेल.
(पुढचं वाक्य मी गिळलं.)

मेणबत्त्या, औषधं, जुन्या रेकॉर्डी
तपासून, पुसून बाहेर काढल्या. बाकी सगळं आत.
चार हीटर, सहा पंखे,
गादीच्या पोटात, खुर्चीच्या पोटात तापमापकाच्या तारा.
आत पंचावन्न अंश, बाहेर उणे एकतीस,
मध्ये दोन काचांची एक खिडकी, आणि तीही रडत होती.

सहा तास बाई माझ्या गाडीत बसल्या,
मांडीवर मेणबत्त्यांची पिशवी.
"लेकीला कळवलं नाही," म्हणाल्या.
"नाताळला ती नातवंडांना घेऊन आली नसती."

तेव्हा मी सांगितलं, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं:
मनिलाहून आलो त्या पहिल्या हिवाळ्यात
तळघरात आम्ही पाचजण, तीन गाद्या.
कारखान्यात मुकादमाने मानेकडे बोट दाखवलं.
मी म्हणालो, डास चावले.

"जानेवारीत?"
जानेवारीत.

आधी त्यांचे खांदे हलले, मग पिशवीतल्या मेणबत्त्या वाजल्या.
एवढ्या हसल्या की काचेवर वाफ धरली
आणि घर दिसेनासं झालं.

दोन आठवड्यांनी परत गेलो.
पलंगाच्या पायांखालच्या वाट्या कोरड्या, रिकाम्या.
शिवणी स्वच्छ. बोर्डामागे फक्त पांढरी पावडर, मी मारलेली.
पुन्हा एकदा येईन, म्हटलं. ही जात उपाशी महिनोन्‌महिने काढते.
"तीन वाजता जाग येते अजून," त्या म्हणाल्या.
"दिवा लावते, चादर बघते. काही नसतं.
मग बघतच बसते."
त्यावर माझ्याकडे फवारा नाही.

बटाट्याच्या करंज्या उकडल्या होत्या. मी उभ्यानेच खात होतो.
कामावरची सवय: लोकांच्या घरात टेकायचं नाही, पिशवी जमिनीवर ठेवायची नाही.
बाईंनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"म्हणजे तुझाही भरवसा नाही तर."

कापड नवं लावलं होतं, पिवळं, हाताने शिवलेलं.
शिवणीवर नजर गेलीच.
मग बसलो. आंबट साय आणखी वाढून घेतली.

घरी आल्यावर मात्र पॅसेजमध्येच कपडे उतरवले,
सगळे ड्रायरमध्ये टाकले, जास्तीत जास्त आचेवर,
आणि अंगावर टॉवेल गुंडाळून
ते फिरत असताना उभा राहिलो.