तायगोडा

मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत.
बोरू टेकला की ओळ संपेतो उचलायचा नाही,
अनुस्वार द्यायचा की नाही, ते कारकुनाच्या मर्जीवर.
म्हणून शके सतराशे सहासष्टच्या रुमालात,
सामानगड पडल्यानंतरच्या मयतांच्या यादीत
‘तायगोडा’ दिसला, तेव्हा मी बेलाशक वाचलं :
तायगोंडा.
गडहिंग्लजकडचं नाव. त्यात विचार कसला करायचा?

पुढे लिहिलेलं :
‘पोटीं गोळी. कमरपट्टियाने वीरगळास बांधोन घेतला.
उभियानेच मयत.
कावळा खांदियावर बैसला, तेव्हा लोकांस कळों आले.’

त्या दिवशी मी डबा उघडला नाही.
कोल्हापूरच्या दप्तरखान्यात खालून बसचे हॉर्न येत होते,
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
मी दोन्ही कोपरं टेकवून बसले होते
एका माणसावर.

नाव पाटीवर गेलं. काळ्या दगडात, अनुस्वारासकट.
बाकीचे गडकरी, ज्यांची वतनं काढून घेतली,
कचेरीत हेलपाटे घालायला लावले,
आणि ज्यांनी एका सकाळी दरवाजे आतून लावून घेतले,
त्यांच्या रांगेत सातवा.
मग आदगोंडा चौगुले आले, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा.
म्हणाले, आमचा खापरपणजा. घरात बोलणं होतं तसं.
तेव्हापासून दर साली त्या वीरगळाला
एक तांब्या पाणी.

निवृत्तीला चार महिने उरले असताना
पलटणीच्या पगाराचं इंग्रजी बाड हाताला लागलं.
ताइग ओडाउड. गोलंदाज. वय चोवीस.
गाव स्लायगोजवळ, मुलूख आयर्लंड. केस तांबडे.
सामानगडापुढे मयत. तीन महिन्यांचा पगार जप्त.

जप्त का, ते लिहिलेलं नाही.

मग नगर वाचन मंदिरात बसून वाचत गेले.
त्यांचीही जमीन अशीच गेली होती, कागदावरून.
त्यांच्याही टेकड्यांवर राजे होते, शाहीर होते,
गोधनापायी झालेल्या लढाया होत्या,
आणि वर लंडनची तीच राणी, जी नंतर आमचीही झाली.
पुढच्याच साली तिकडे बटाटा जमिनीतल्या जमिनीत काळा पडला.
हे त्याला कळलं नाही, ते बरं.
एक गोष्ट सापडली. फार जुनी.
घायाळ वीर आतडी सावरत तळ्यावर जातो, पाणी पितो,
उभ्या दगडाला स्वतःला बांधून घेतो,
शत्रूपुढे आडवं पडायचं नाही म्हणून.
तीन दिवस कुणी जवळ जात नाही.
मग खांद्यावर कावळा बसतो.

म्हणजे ही गोष्ट त्याला येत होती.
आजीकडून, बंदी असलेल्या भाषेत, शेणीच्या नाहीतर कसल्याशा धुरात.
आमच्याकडे कावळा शिवला की सुटला म्हणतात.
तिकडे काय म्हणतात, ते पुस्तकात नव्हतं.

चौगुल्यांना सांगणं भाग होतं. सांगितलं.
बराच वेळ शेंगा सोलत राहिले.
‘गोरा म्हणता? आमच्यात दोघंतिघं घारं हाईत की.’
मग टरफलं ओंजळीत गोळा करून म्हणाले,
‘बाई, दगडाला बांधून घेतलं,
तवा तोंड कुणीकडं हुतं त्याचं?
गडाकडं, का तोफांकडं?’

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.
रुमाल परत सोडला. ओळ पुन्हा वाचली, भिंग लावून,
उजेडाकडे धरून, मागच्या बाजूनेसुद्धा.
कारकुनाने कावळा लिहिला. पट्टा लिहिला.
तोंड लिहिलं नाही.

दगडातला अनुस्वार बुजवायला
चुन्याचा एक कण पुरे.
परवा गेले होते गडावर, चंचीत चुना घेऊन.
ऊन होतं. पाटी तापली होती.
पान लावलं, आणि तो चुना
खाऊन टाकला.