हातचा एक तास

मिशिगनच्या हद्दीत शिरलो की घड्याळ
आपणहून तासभर पुढे सरकतं.
थिओडिस म्हणाला, घ्या, पोचायच्या आतच
एक तास कापला पगारातून.

मागे गॅरीची धुराडी,
पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेपल,
इतके लाल, की कुणीतरी ब्रेक मारलाय असं वाटून
त्याचा पाय दोनदा उगाच दबला.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.
पंधरा दिवसांनी त्याच्या केंद्रावर रजाबंदी,
मग नाताळ होईतो खोकी आणि खोकी,
कुणाची केटली, कुणाच्या नातवाचे बूट,
एकदा तर फुटक्या बरणीतून रात्रभर ठिबकलेला पाक.
आठवडाभर त्याच्या पायांना गोड वास येत होता.
बावीस वर्षं रात्रपाळी.
आमच्याकडे सण येतो
सगळ्यांच्या दारात उतरून, शेवटी,
जरा थकलेला.

विजेच्या बिलामागे मी यादी केली होती :
सफरचंदं, दीपगृह, वाळूची टेकडी,
गरम सायडर,
निदान एक सूर्यास्त.

मिसेस हुक्स्ट्रांनी लाकडाच्या ओंडक्याला बांधलेली
किल्ली दिली.
हंगाम संपलाय, म्हणाल्या, गरम पाणी यायला वेळ लागेल.
वहीत माझं नाव लिहिताना विचारलं,
रेनेटा, एक टी की दोन?
एवढ्या निवांतपणे मला कुणी विचारलंच नव्हतं.

थिओडिस बूट काढायला पलंगावर टेकला
आणि एका बुटानिशी झोपला.
ढाराढूर.

दुसरा मी काढला.
पांघरूण घालताना पाहिलं,
त्याचा उजवा अंगठा हलत होता,
थांबून, परत, थांबून, परत.
स्कॅनरचं बटण.
झोपेतही कुणाचं तरी खोकं
नीट त्याच्या गावाला लावत होता.

राग आला का? आला. खोटं कशाला बोलू.
एकशे चाळीस डॉलर एका रात्रीचे,
आणि घोरणं तर घरीही फुकट मिळतं.

मग एकटीच निघाले.
सफरचंदांच्या टपरीवर माणूस नव्हता,
पत्र्याचा डबा आणि खडूनं लिहिलेलं, टोपली सहा.
दहाची नोट टाकली. सुटे कोण देणार?

टेकडी मी चक्क रांगत चढले.
एक पाऊल वर, अर्धं खाली,
मोज्यांत वाळू, तोंडात वाळू.
आणि वर तळं,
तापलेल्या तव्याच्या रंगाचं, काठ नसलेलं.
पलीकडे आमचं शहर. दिसत नव्हतं.
सूर्य तिथेच कुठेतरी,
आमच्या गल्लीवर, बंद खिडकीवर,
कुंडीतल्या वाळक्या तुळशीपानांवर गेला असेल.
इथून तो फार मोठा दिसला.
टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली.
खालून कुणाचा तरी कुत्रा भुंकला, एवढंच.

परतले तरी तो झोपलेलाच.
अंधारात बसून सफरचंद खाल्लं.
सफरचंद आवाज न करता खाता येत नाही.
चोखून पाहिलं.

रविवारी अकराला डोळे उघडले त्यानं.
किती वाजले?
कुठले, मी विचारलं.
अंगठा पांघरुणावर गप्प पडून होता.

दीपगृह गाडीतूनच पाहिलं.
निघताना तो मिसेस हुक्स्ट्रांना म्हणाला,
काय सुंदर जागा आहे हो, परत येऊ.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि घाईघाईनं वही चाळायला घेतली.

हद्द ओलांडली, तास परत मिळाला.
वजाबाकीत हातचा घेतात ना, तसा.
घरासमोर इंजिन बंद केलं,
आणि उतरलो नाही, दोघंही.

शेजारच्या पायरीवर एक खोकं होतं.
त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.
दार चुकलंय, म्हणाला.
हात दरवाज्याच्या कडीपर्यंत गेला,
आणि मागे आला.
राहू दे. अजून तास आहे.

मी टोपली पुढे केली.
कचकन् चावा घेतला त्यानं, रस हनुवटीवर.
ही कुठून आणलीस?
मग, रुमाल शोधत,
सांग ना, काय काय पाहिलं आपण?

मी टेकडीपासून सुरुवात केली.