तसबीर

बेगमपुऱ्यात, खामच्या काठाला,
उस्ताद करीमदादनं पडद्याआडून पाहिला
फक्त एक हात, विडा घेताना.
बाकीची बेगम दाईनं सांगितली:
नाक असं, भुवई तशी,
रंग म्हणाल तर सोललेला बदाम.

मी खाली बसून हिंगूळ खलत होते.
"मान वळव, साळू."
वळवली.
तीन महिने माझ्या गळ्यावर
तो तिचे मोती ठेवत राहिला.

तसबीर आत गेली. परत आली.
निरोप एवढाच:
डाव्या कानाची पाळी फाटकी आहे,
तेवढी करा.
बाकी राहू द्या.

उस्तादाची नजर आता बारीक कामाला पुरेना.
खारीच्या केसांचा कुंचला
त्यानं माझ्याकडं दिला.

पाळी फाडता फाडता
हात आपसूक माझ्या कानाला गेला.
बोटाला लाल लागलं.
हिंगूळच असणार.