पाकळी

बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर पंखा एकच,
तोही लव्हिना कार्दोजच्या कागदांवर.
कागद उडू नयेत म्हणून वर एक शिंपला.
संमतीपत्रावर मी सही करत होते.
"सवकास, टीचर," ती म्हणाली.

डिचोलीच्या शाळेत माझा फळ्यावरचा 'ज्ञ' बघायला
शेजारच्या वर्गातली पोरं येत.
आता 'कुमुदिनी' ठीक निघते,
'साळेलकर' संपेस्तोवर मुंगी होते.

मग तिने आमचं झाड काढलं.
पुरुष चौकोन, बायका वर्तुळ,
गेलेल्यांवर तिरकी रेघ.
आईबाबा नात्यातले?
हो. आई मामाचीच मुलगी.
तिने दोघांमध्ये दोन रेघा ओढल्या, एकीखाली एक.
त्या लग्नाला इतकं अधोरेखित
आजवर कुणी केलं नव्हतं.

थोरली आत्या?
उंबऱ्यापाशी आली की पाय जमिनीला चिकटायचे तिचे.
देवचार अडवतो, म्हणत.
रोट दिला, नारळ दिला, कोंबडा दिला.
लव्हिनाने अर्धं वर्तुळ काळं केलं, पुढे प्रश्नचिन्ह.
देवचारासाठी तक्त्यात खूण नव्हती.

बाबा सगळ्या फोटोंत डावा हात खिशात घालून उभे.
आम्ही त्याला ऐट म्हणायचो.

उल्हास फोनवर म्हणाला होता,
काय निघेल ते निघो, मला सांगू नको.
प्रज्योतचं जहाजाचं मेडिकल आहे सोमवारी.
मी ते तसंच सांगितलं.
कागद तुमचाच, लव्हिना म्हणाली,
कळून घेणं हा हक्क, न कळून घेणंही.
आणि 'हो' आलं म्हणजे होईलच असं नाही,
'नाही' आलं म्हणजे सुटलात असंही नाही.
मग आमच्या गावचा देव बरा, मी म्हटलं,
उजवी पाकळी पडली की हो.
ती हसली. आमच्याकडे तर तेही नाही.

रक्त काढायला नर्सने हात मागितला.
पुढे केला तर गप्प.
लबाड आहे,
मांडीवर विसावला की थरथरतो.

सात आठवड्यांनी कागद आला.
एक बदल सापडलाय.
त्याचा अर्थ आज कुणालाच ठाऊक नाही.
दोन वर्षांनी पुन्हा विचारा.

लहानपणी एकदा असंच झालेलं.
भट गाऱ्हाणं घालून घालून थकला,
समईतलं तेल संपत आलं,
पाकळी ओली, देवाच्या खांद्याला चिकटून.
कुणी फुंकर मारली नाही.
माणसं बसून राहिली,
मग एकेक करून उठली, म्हशी सोडायच्या होत्या.

रात्री उल्हासला पत्र लिहिलं.
नीरफणसाला यंदा फळ कमी.
प्रज्योतला लोकरीचं बनियन घे, तिकडे समुद्रही गार असतो म्हणे.
त्याबद्दल एक अक्षर नाही.
पण अक्षरं
पहिल्या ओळीत तांदूळ,
मग कणी,
मग रवा.

ते फाडलं.
कपाटातून दुरेघी वही काढली,
आणि पहिलीतल्या पोरासारखं
प्रत्येक अक्षराचं डोकं वरच्या रेघेला टेकवत,
पाय खालच्या रेघेवर,
पुन्हा 'प्रिय'पासून.