स्वै. ३

गव्हाणे म्हणाले, "ताई, ही पट्टी काढून फेकू.
पीव्हीसीची लावू, फुटाला अठ्ठावन्न,
वाळवीची कटकट नाही."
मी म्हटलं, फरशी तुमची, पट्टी माझी.
आणि शनिवारी दहाला
(आमच्या सोसायटीत ठोकाठोक दहा ते एक)
पटाशी घेऊन जमिनीवर बसले.

आधी रंगाची शिवण उसवायची.
घरातल्या दर लग्नाला एक हात, असे पाच हात ऑइलपेंट
भिंत आणि लाकूड यांच्यात मुरलेला.
तो न कापता ओढलं
तर पट्टीबरोबर गिलावा हातात येतो.
मग पटाशीखाली पत्र्याचा तुकडा,
आणि अगदी थोडा जोर,
इथे थोडा, हातभर पुढे थोडा,
रुसलेल्याला ताटावर आणतात तसा.

खिळे बिनडोक्याचे.
पुढून ठोकले तर ढलपी उडते,
म्हणून पक्कडीने मागून ओढायचे.
वाकडे झालेले मी श्रीखंडाच्या डब्यात टाकत गेले.
सरळ करून परत वापरीन म्हणून.
हा रोग वडिलांकडून आलेला.

भाऊ खडकीला दारूगोळा कारखान्यात.
पेट्यांचं देवदार लिलावात निघायचं,
ते सायकलला आडवं बांधून
खडकी ते सहकारनगर.
किती फेऱ्या, कुणी मोजल्या नाहीत.
रंधा मारूनही एका पट्टीच्या पाठीवर
काळ्या शाईत उरलंय: सावधा
पुढचा न करवतीत गेला.

आणि प्रत्येकीच्या पाठीवर, पेन्सिलीने, त्यांचं ते तिरकं अक्षर:
हॉ. पू. १. हॉ. पू. २. हॉ. द. १.
खो. उ. ४.
स्वै. १, स्वै. २, स्वै. ३.
म्हणजे हा माणूस
लावतानाच काढण्याची तयारी करून गेला होता.

फरशी नऊ दिवसांत झाली.
जुन्या मोझॅकवरच नवी, त्यामुळे घर पाऊण इंच उंच,
सगळी दारं तासावी लागली.
पट्ट्या गॅलरीत क्रमाने उभ्या,
शाळा सुटायच्या आधीच्या रांगेसारख्या.

गाडं अडलं दोन ठिकाणी.
हॉ. द. २ आतून वाळवीने खाल्लेली,
वरून रंग तेवढा शाबूत, दाबला तर बोट आत.
आणि स्वयंपाकघराची भिंत
शाल्मलीला ओपन किचन हवं म्हणून बुधवारी पाडलेली.
एकशे चौदा घमेली खाली गेली.
तिच्या तीन पट्ट्या उरल्या,
भिंत नाही.

जेठाराम सुतारांनी टेप लावला.
"ही बसेल. दोन इंच कापू, कोपऱ्यात तिरका छाट."
स्वै. ३ त्यांनी उताणी केली, पालथी केली.
"इथे ओरखडे कशाचे? लांबी भरू?"

माई त्या भिंतीला टेकून वाल सोलायची.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
सोलताना पुढेमागे व्हायची थोडी,
भाऊ कारखान्यातून यायला उशीर झाला की जास्त.

हॉलमध्ये ती ट्रे घेऊन यायची.
साखर कमी आहे का विचारायची, उभ्यानेच.
आणि जायची.

"नको," मी म्हटलं. "रंगही नको. नुसतं पॉलिश."

आता दक्षिणेच्या भिंतीला, सोफ्याच्या शेजारी,
एकच पट्टी वेगळी दिसते.
पाहुणे विचारतात, ही अशी का?
मी सांगते, वाळवी लागली होती.

स्वै. १ आणि स्वै. २ अजून गॅलरीत आहेत,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
गव्हाणे उरलेल्या बिलासाठी येतात, दर वेळी बघतात.
"ताई, ह्यांचं काय करायचं?"
बघू, म्हणते.
भिंत शोधतेय.