खांब क्रमांक नऊ

खांब वाढत नाही, लेओनी.
दर पावसाळा सरला की विचारतेस, म्हणून सांगते.
लोखंड आहे ते.
थेट तळाच्या पांढऱ्या चिकणमातीत ठोकलेलं, सहा मीटर खाली.
वाढल्यासारखा दिसतो, कारण आपण उतरतोय.
तू झालीस त्या वर्षी जमीन या खुणेशी होती.
आज खूण तुझ्या गुडघ्याला लागते.

महिन्यातून दोनदा येते मी.
होडी कालव्याच्या तोंडाशी बांधते,
मग फळ्यांवरून, फळ्या संपल्या की मुळांवरून,
मुळं संपली की देवाचं नाव घेऊन.
जमिनीत पुरलेल्या पाइपात बारीक नळी सोडायची
आणि फुंकत राहायचं.
खालून बुडबुडा बोलला की थांबायचं.
तेवढं खोल पाणी.
अठ्ठावन्न. वहीत लिहिते.
वहीला अजून वास आहे
त्या वर्षीच्या धुराचा, जेव्हा दुपारी दिवे लावले होते
आणि तुला ओल्या फडक्याखाली निजवलं होतं.

गंबुत म्हणतो आपण हिला. ही माती नाही.
पानं आहेत सगळी, फांद्या, साली,
कुजायचं राहून गेलेलं जंगल,
पाण्याने झाकून ठेवलेलं, हजारो वर्षं.
झाकण काढलं ते माणसांनीच.
तुझे आजोबा यंत्रांना डिझेल पोचवायचे.
भात पिकणार होता इथे,
म्हणून कालवा आखला सरळ, पट्टी ठेवून मारलेल्या रेघेसारखा.
भात आला नाही.
पाणी तेवढं गेलं, शिकवल्यासारखं, सरळ.

पायाखालची जमीन सरकली, म्हणतात लोक.
आपली सरकत नाही. बसते.
गुडघे धरलेला माणूस पायरीवर बसतो तशी,
हात टेकत, थांबत थांबत.

वर एक उपग्रह फिरतो.
पालांगकारायाच्या ऑफिसातला प्रियाम्बोदो सांगतो,
त्याला बघता येत नाही. तो हाक घालतो
आणि परत आलेली हाक जपून ठेवतो.
ढग असोत, धूर असो, रात्र असो,
बारा दिवसांनी पुन्हा तिथेच, पुन्हा हाक.
दोन हाका एकमेकींवर ठेवल्या
की कळतं किती खचलो, मिलिमीटरात.
मी विचारलं, झाडोऱ्यात हाक हरवत नाही?
म्हणाला, हरवते. म्हणून तर तुम्ही.

फेब्रुवारीत त्याचा निरोप आला:
नऊ नंबरला जमीन चौदा मिलिमीटर वर.
वर? मी हसले.
इतक्या वर्षांत वर काही आलं नव्हतं इथे,
नेच्याचे लाल कोंब सोडले तर.
गेले. बघते तर
खांबच नाही.
भोक होतं, भोकात पाणी, पाण्यात आभाळाचा तुकडा.
उपटून नेलेला, भंगारात.
म्हणजे आता साक्षीला कोण?

पाइप होता. प्लास्टिक कोण चोरणार!
नळी सोडली, फुंकर घातली
आणि श्वास पुरता निघण्याआधीच बुडबुडा बोलला.
अकरा.
पुन्हा फुंकलं. अकरा.

खाली दोन किलोमीटरवर आजोबांचा बांध आहे,
गलामचे ओंडके, वाळूची पोती,
ज्यावर सगळा गाव म्हणाला होता, वेड लागलंय.
एका कोपऱ्यातून तो अजून गळतो.

वहीत लिहिलं: पाणी अकरा. खांब नाही.
शेवटच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
मोकळा ठेवला.
प्रियाम्बोदोला कळवलं, हाक खरी असावी.
ऑगस्टमध्ये पुन्हा बघू.

रात्री आजोबांना बोटाचं अर्धं पेर दाखवलं,
एवढी वर आली.
ते बराच वेळ पेराकडे पाहत राहिले.
मग म्हणाले,
लोखंडाला किलोमागे काय मिळालं असेल गं त्याला?