पावणेदोन सेकंद

आरशाखाली बसवलाय त्याला,
सुपारीएवढा. लाल ठिपका. पापणी नाही.
उद्यमबागेत माल भरताना शेटचा पोरगा म्हणाला,
"भरमूमामा, हा तुमच्या भल्यासाठीच."
भल्याची गोष्ट निघाली की मी आधी खिसा चाचपतो,
सवय आहे.

तो हिंदीत बोलतो.
इथं पाट्यांवरनं डोकी फुटली,
रात्रीत अक्षरांना डांबर लागलं,
आणि हा कुठनंतरी येऊन थेट केबिनीत
बाईच्या आवाजात सांगतो, कृपया विश्राम कीजिए.
काकतीजवळ, सकाळी नऊला,
पोटात दोन कप चहा, वर चमचाभर कुंदा.
म्हटलं, "आत्ताच उठलोय की ग."

डावा डोळा माझा लहानपणापासून अर्धा,
गुऱ्हाळात काहिलीचा शिंतोडा उडाला होता.
हाच अर्धा डोळा घेऊन अठ्ठावीस वर्षं
चाकणला कास्टिंग पोचवतोय, एक नग फुटला नाही.
ह्याच्या हिशेबी मी निम्मा झोपलेलाच.

ऑटोनगरात इस्माईल मुजावर
गाडीखाली पडल्या पडल्या सांगतो,
"ह्यो नुसता बघूलाला नाही गा, शिकूलालाय.
गिअर कुठं टाकतोस, ब्रेक कुठं दाबतोस.
शिकवणी पुरी झाली की मास्तर कशाला?"
पाना पुसतो. "आणि ड्रायव्हरच नसला तर
बिलावरनं माझ्याशी भांडणार कोण?"
मी हसलो.
मग हत्तरगीपर्यंत प्रत्येक गिअर चोरून टाकला,
परीक्षेत वही झाकणाऱ्या पोरासारखा.

शिकू दे. पण काय काय शिकशील?
लायनर जळायच्या आधीचा तो वास.
संकेश्वराच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही,
नुसत्या वाजणाऱ्या गाण्यावरनं ओळखायच्या.
कुत्रं थांबणार का धावणार ते त्याच्या कानांत.
आणि यमकनमर्डीच्या खानावळीत
"ऊट आतेन्री?" विचारलं की
"आत्री" म्हणायचं, झालं नसलं तरी,
नाहीतर म्हातारी वाढते आणि पैसे घेत नाही.

तवंदीच्या घाटात एका वळणावर
कठडा नवा आहे, चार खांबांएवढाच.
तिथं ओमाणा गेला.
आधी माझ्याकडं क्लीनर, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर.
स्टेअरिंगवरनं हात सोडवत नाही,
म्हणून नमस्कार डोळ्यांनी,
गाडी दुसऱ्या गिअरात, प्रत्येक खेपेला.

महिनाअखेर कागद आला.
तवंदी. पावणेदोन सेकंद. डुलकी. अकरा वेळा.
अकरा दुणे बावीस, बावीसशे कापले.

पोराला सांगणार होतो, ही झोप नव्हं.
तोंड उघडलं आणि मिटलं.
ओमाणाला झोपच लागली होती.
तिसरी रात्र, होस्पेटचा माल,
त्याचा शेट म्हणालेला, अजून एक खेप मार की.
घरी आम्ही सांगितलं, ब्रेक फेल.
त्याची बायको अजून ब्रेकलाच शिव्या देते.

तेव्हा तिथं हा सुपारीएवढा असता तर?
ओरडला असता. ओमाणा थांबला असता?
का तिकडनं फोन आला असता,
आवाज बंद कर आणि चल?

बिनड्रायव्हरची गाडी येणार म्हणतात.
उतरेल ती तवंदी, न चुकता, मला शंका नाही त्याची.
शंका दुसरीच आहे, ती नीट सांगता येत नाही.
कठड्याशी आल्यावर तिला
तो नवा आहे एवढंच दिसेल.

काल रात्री पुन्हा ते वळण.
ठिपका बघूलालाय, मी बघूलालोय.
दोनशे म्हणजे एक जेवण, चहा, वर टायरची हवा.
मिटले.
बाई म्हणाली, कृपया...
"ऐकलं की ग."

निपाणीच्या अलीकडं, तंबाखूचा वास लागला तिथं,
गाडी कडेला घेतली.
खरंच झोप येऊलीती.
तिला सांगितलं नाही.